ऑपरेशन झालंय तरी बोका घरात पिचकाऱ्या मारतोय

प्रश्न: डॉक्टर, आमचा बंड्या चार वर्षांचा आहे, साधा देशी केशरी बोका. दोन वर्षांचा असताना त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. त्याआधी तो गॅलरीतल्या कुंड्यांवर फवारे मारायचा, ऑपरेशननंतर दीडेक महिन्यात सगळं बंद झालं होतं. गेल्या दिवाळीत आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर भाड्याच्या घरात आलो, तेव्हापासून पुन्हा सुरू झालंय. मेन दरवाजाची भिंत, हॉलच्या खिडकीचा पडदा, चपलांचा स्टँड आणि आता सासूबाईंच्या पलंगाची कड. शेपटी वर करून थरथरवतो आणि मागे पिचकारी. लिटर ट्रे, म्हणजे शी-शूचा वाळूचा ट्रे, मात्र रोज नीट वापरतो. मी दोनदा फिनेलने पुसते तरी वास जात नाही. सासूबाई म्हणतात हा मुद्दाम करतो, राग काढतो, मासळी बाजारात सोडून या. यांनी दोनदा फटके दिले आणि त्याचं नाक त्यात घासलं, तर पूर्ण दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही. ऑपरेशन परत करायला लागेल का? मला त्याला सोडायचं नाहीये हो, पण घरात रोज भांडणं होतायत. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना हे वाचून दाखवा. बंड्या राग काढत नाहीये, बंड्या घाबरलाय. मांजराला माणसावर सूड उगवायचं वगैरे सुचत नाही, त्याला एवढंच कळतं की ही जागा माझी आहे की नाही, आणि ती नाही असं वाटायला लागलं की तो आपला वास भिंतीला लावून ठेवतो. तुम्ही पत्रात दोन शब्द लिहिलेत, तळमजला आणि खिडकीचा पडदा, तिथेच मला अर्धं उत्तर दिसतंय. तिसऱ्या मजल्यावर त्याला बाहेरचं मांजर दिसत नव्हतं. आता रात्री अकरा-बाराच्या सुमारास लाईट बंद करून हॉलच्या खिडकीशी दोन दिवस बसून बघा, बहुतेक सोसायटीतला एखादा मोठ्या गालांचा बोका कट्ट्यावर येऊन बसत असेल किंवा तुमच्या दारावर नाहीतर चपलांवर मारून जात असेल. दार, खिडकी, चपला, म्हणजे बाहेरून जे जे आत येतं तिथेच बंड्याने मारलंय. पलंगाची कड बाहेरच्या भिंतीला लागून आहे का तेही बघा.

ऑपरेशन परत करायचं नसतं. नसबंदीनंतरही साधारण दहातला एक बोका आणि वीसातली एक मांजरी फवारणं चालू ठेवते किंवा टेन्शन आलं की पुन्हा सुरू करते. हार्मोन कमी होतात पण सवय आणि भीती राहते, आणि ज्यांचं ऑपरेशन उशिरा झालंय, आधी वर्षभर फवारे मारून झालेत, त्यांच्यात हे जास्त दिसतं. एकच अपवाद आहे, एखाद्याची एक गोळी, म्हणजे वृषण, पोटातच राहिलेली असते आणि ती काढलेली नसते, मग लघवीचा वास ऑपरेशन न झालेल्या बोक्यासारखा उग्रच राहतो. बंड्याचं दीड महिन्यात पूर्ण बंद झालं होतं म्हणजे तसं वाटत नाही, पण डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारून घ्या.

आणि डॉक्टरांकडे जायचंच आहे, बाकी सगळ्याच्या आधी. उभं राहून शेपटी थरथरवत भिंतीवर थोडीशी पिचकारी म्हणजे खूण करणं, आणि बसून जमिनीवर, गादीवर, बाथरूममध्ये ओतल्यासारखी लघवी म्हणजे बहुतेक वेळा दुखणं किंवा ट्रे आवडत नसणं. बंड्याचं वर्णन पहिल्यात बसतंय, तरी दुखणाऱ्या मूत्राशयानेही काही बोके भिंतीवर मारायला लागतात, म्हणून लघवीची तपासणी आणि गरज वाटली तर सोनोग्राफी करून घ्या. मुंबईच्या बाजूला खर्चाची अडचण असेल तर परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, ज्याला सगळे बैल-घोडा हॉस्पिटल म्हणतात, पण डोंबिवलीहून मांजराला लोकलने नेण्यापेक्षा जवळचा दवाखाना बरा, त्याच्यासाठी प्रवास हाही एक घोर असतो.

एक गोष्ट सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवा, बोका जर पुन्हापुन्हा ट्रेत जाऊन बसतोय, कण्हतोय, तिथे चाटतोय आणि ट्रे मात्र कोरडा आहे, तर त्याची लघवी तुंबलीये. त्या दिवशी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच न्यायचं. बोक्याची नळी अरुंद असते, तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आणलेले बोके आले आहेत, घरच्यांना वाटलं होतं बद्धकोष्ठ झालाय म्हणून कुंथतोय, आणि त्यांच्यासमोर मला मान हलवायला लागली ते मी अजून विसरले नाहीये.

रिपोर्ट नॉर्मल आला की मग खिडकी. काचेच्या खालच्या भागाला, म्हणजे बंड्या कट्ट्यावर बसल्यावर त्याच्या डोळ्यांच्या वरपर्यंत, धूसर स्टिकरवालं प्लास्टिक चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतं, उजेड येतो पण पलीकडचं दिसत नाही. त्याची बघायची जागा आपण काढून घेतोय, मग त्याला उंचावर दुसरी द्या, कपाटावर एक जुनी गोधडी टाकली तरी पुरतं, मात्र गोधडी धुतलेली नको, त्याच्या वासाची हवी. चपला बाहेर उघड्यावर न ठेवता बंद कपाटात ठेवा कारण बाहेरच्या बोक्याचा वास त्यांच्यावरूनच घरात येतो आणि बंड्याला वाटतं शत्रू आत शिरला. दाराची बाहेरची बाजू आणि उंबराही धुवा, हे लोक विसरतातच, आतली भिंत रोज घासतात आणि बाहेर त्या बोक्याचा ताजा वास तसाच.

त्या बाहेरच्या बोक्याला हाकलू नका आणि कुणी दगड मारत असेल तर थांबवा. त्याचंही ऑपरेशन करून परत तिथेच सोडणं हा खरा इलाज आहे, तुमच्या भागात भटक्या प्राण्यांचं काम करणारी मंडळी असतीलच, पिंजरा त्यांच्याकडे असतो. त्याला नेमकं तुमच्या खिडकीखाली कुणी खायला घालत असेल तर त्या काकूंना हात जोडून सांगा की घाला, जरूर घाला, पण बिल्डिंगच्या मागच्या बाजूला.

आता फिनेल. ताई, हे आजच बंद करा. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जी जंतुनाशकं असतात, फिनेल किंवा जखमेला लावायचं डेटॉलसारखं, त्यातले घटक मांजराच्या यकृताला नीट पचत नाहीत, फरशीवरून पंजाला लागतं आणि तो पंजा चाटतो. शिवाय त्या उग्र वासाने त्याचा स्वतःचा वास झाकला जातो, मग तो आणखी जोराने मारतो. म्हणजे तुम्ही दिवसातून दोनदा पुसताय आणि त्याला दिवसातून दोनदा पुन्हा लिहायला लावताय. ब्लीच किंवा अमोनियावालं क्लिनरही नको. प्राण्यांच्या लघवीसाठी एन्झाइमवालं क्लिनर मिळतं ते आणा, नाहीतर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात विरघळवून लावा, थोडा वेळ राहू द्या, साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्वस्तातली अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळते, रात्री अंधारात ती मारली की सुकलेली लघवी पिवळट चमकते, तुम्हाला माहीत नसलेल्या तीन-चार जागा हमखास सापडतील.

जागा वाळली की मऊ रुमाल बंड्याच्या गालावरून, ओठाच्या कडेवरून फिरवा आणि तोच रुमाल त्या भिंतीवर त्याच्या नाकाच्या उंचीला घासा. मांजर गाल घासते ना आपल्या पायाला, तो तिचा आपलेपणाचा वास असतो, जिथे तो असतो तिथे फवारा मारायची गरज तिला कमी वाटते. याच वासाची नक्कल असलेले फेरोमोनचे डिफ्युझरही ऑनलाइन मिळतात, प्लगला लावायचे, एक रिफिल महिनाभर चालतं, महाग आहेत आणि प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, पण परवडत असेल तर खिडकीच्या हॉलमध्ये एक लावून बघा. पलंगाच्या कडेपाशी मात्र सोपं आहे, तिथेच त्याची जेवणाची ताटली ठेवा, जिथे खातो तिथे मांजर सहसा मारत नाही. सासूबाईंनीच जर दोन वेळा ती ताटली ठेवली तर मला फार आनंद होईल, दोघांचंही नातं सुधारेल.

फटके पूर्ण बंद. नाक घासणं तर अजिबात नाही. ज्या भीतीमुळे तो मारतोय त्यातच आपण भर घालतो, आणि तो फक्त एवढंच शिकतो की माणसासमोर करायचं नाही, कपाटामागे करायचं. मारताना दिसला तर टाळी वाजवून दुसरीकडे बोलवा, खेळायला दोरी दाखवा, बस. ट्रे एकच असेल तर आणखी एक ठेवा, एकमेकांपासून लांब, सुगंधी लिटर नको, आणि घाण रोज काढा. जेवण, खेळ, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा, भाड्याच्या घरात सगळंच अनोळखी असताना निदान घड्याळ तरी त्याला ओळखीचं वाटू दे.

कालनिर्णयवर रोज खूण करा, आज किती वेळा, कुठे. पहिल्या आठवड्यात फरक नाही दिसला म्हणून धीर सोडू नका, दहावरून चारवर आलं तरी उपाय लागू पडतोय. दीड-दोन महिन्यांनीही आकडा हलला नाही तर डॉक्टरांशी भीती-चिंता कमी करणाऱ्या फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्यांबद्दल बोला. ती माणसांचीच गोळी आहे पण डोस अगदी वेगळा असतो, परिणाम दिसायला महिनाभर लागू शकतो आणि मध्येच बंद करायची नसते, त्यामुळे मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका.

आणि मासळी बाजार. घरात वाढलेला बोका तिथे मासे खाऊन मजेत राहील हा समज आहे. तिथले बोके त्याला फाडतात, त्याला गाड्या माहीत नसतात, आणि तो भुकेने नाही तर जखमांनी मरतो. नवीन बिल्डिंग तयार होईल तेव्हा तुम्ही पुन्हा घर बदलणार आहात, त्या वेळी बंड्याला थेट पूर्ण घरात सोडू नका, पहिले काही दिवस एकाच खोलीत, त्याच्या न धुतलेल्या गोधडीसकट आणि जुन्या ट्रेसकट ठेवा. त्या खोलीत गाल घासत फिरायला लागला की मग दार उघडा.

प्रश्न: आमची मांजरी ऑपरेशन झालेली आहे, तीन आठवड्यांपासून आमच्याच गादीवर बसून लघवी करते. हेही फवारणंच का? — सातारा

उत्तर: नाही. बसून, गादीवर, भरपूर, म्हणजे आधी मूत्राशयाची सूज किंवा खडे बघायला हवेत, तीन आठवडे फार झाले, या आठवड्यात न्याच. रिपोर्ट चांगला असेल तर ट्रेकडे बघा, नवीन लिटर आणलं का, झाकणवाला ट्रे घेतला का, वॉशिंग मशीनशेजारी ठेवलाय का. मशीन फिरताना एकदा दचकली की ती तिथे पुन्हा जात नाही, आणि गादी तेवढीच मऊ आणि शांत असते.

प्रश्न: बोका जिथे मारतो तिथे डांबर गोळ्या किंवा निलगिरी तेल ठेवलं तर चालेल का? शेजाऱ्यांनी सांगितलंय. — नाशिक

उत्तर: चालणार नाही, दोन्ही मांजराला विषारी आहेत. ठेवल्या असतील तर पुढचं वाचायच्या आधी उठून काढा, आणि बोका लाळ गाळत असेल, उलट्या करत असेल किंवा सुस्त पडला असेल तर गोळीचं पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.