कड्यात कडे दिसले, पण बुरशी सापडली नाही

प्रश्न : मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात इंटर्न असून सध्या माझी नेमणूक त्वचारोग विभागात आहे. खानावळीत काम करणारा एक तरुण ओपीडीत आला होता. आठ महिन्यांपासून त्याच्या जांघेत आणि कमरेभोवती खाजरे, लालसर चट्टे आहेत. गजकर्णासारखी (बुरशीमुळे होणाऱ्या त्वचारोगासारखी) ठळक कड नाही, खपल्या जवळजवळ नाहीत, मात्र एका कड्याच्या आत दुसरे कडे दिसते. त्वचा खरवडून स्लाइड पाहिली, तीत बुरशी आढळली नाही. म्हणून मी केसपेपरवर ‘सोरायसिस?’ (बुरशीमुळे न होणारा, खपल्यांचा त्वचाविकार) असे लिहिले. सरांनी ते खोडले, पण गर्दीत कारण विचारायचे राहून गेले. माझे काय चुकले? — एक इंटर्न, मुंबई

उत्तर : चट्ट्याचे वर्णन तुम्ही नेटके केले आहे, परंतु आठ महिने रुग्ण त्यावर काय लावत होता, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. ‘औषध घेता का?’ असे विचारल्यास तो बहुधा ‘नाही’ म्हणेल, कारण केमिस्टकडून आणलेली ट्यूब त्याच्या लेखी औषध नसते, ती ‘खाजेची क्रीम’ असते. तेव्हा घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणायला सांगा. ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणलेली असेल, तर ती उलगडून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन या स्टेरॉइडाचे नाव तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडे चिठ्ठीवर विकण्याच्या यादीत घातली, तरी ती विनाचिठ्ठी मिळतात, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

स्टेरॉइडमुळे दाह दबतो, त्यामुळे लाली, खाज आणि खपल्या कमी होतात. पण त्याबरोबर त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी मोकळेपणी पसरते. मलम थांबवले की खाज उसळते, रुग्ण पुन्हा तीच ट्यूब उघडतो आणि मधल्या बऱ्या झालेल्या भागात नवे कडे उमटते. 1968 मध्ये आयव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी या रूपाला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण, असे नाव दिले. मांडीच्या आतल्या बाजूस ताणाच्या लालसर रेषा दिसल्या, तर संशय आणखी पक्का होतो.

आता स्लाइडविषयी. स्टेरॉइड लावलेल्या त्वचेत एरवी बुरशी भरपूर सापडते, म्हणून नकारार्थी निकाल आला की मी आधी स्वतःच्या हातावर शंका घेतो. त्वचा स्पिरिटने पुसून बाहेरच्या सरकत्या कडेवरूनच खरवडा. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातल्यावर वीसेक मिनिटे थांबा, कारण ओपीडीच्या घाईत नेमकी तीच गाळली जातात. मग सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी करून पेशींच्या सीमा ओलांडत जाणारे, फांद्या फुटलेले तंतू शोधा. चट्ट्यातली बारीक लवही उपटून पाहा. आणखी एक गोष्ट म्हणजे केमिस्टकडच्या अशा अनेक मलमांत स्टेरॉइडबरोबर बुरशीनाशकही असते, त्यामुळे ते नुकतेच लावले असेल तर बुरशी न सापडणे शक्य आहे. मलम बंद ठेवून काही दिवसांनी पुन्हा तपासा.

सोरायसिसचा तुमचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता, कारण जांघेतल्या सोरायसिसलाही खपल्या फारशा नसतात. पण मग कोपर, टाळू आणि नखे पाहिल्याची नोंद हवी होती. कड्यांचे चट्टे कुष्ठरोगातही दिसतात, त्यामुळे कापसाच्या धाग्याने संवेदना तपासायला अर्धा मिनिट द्या.

मलम बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज वाढेल, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो थेट केमिस्टकडे जाईल. भट्टीजवळ घामाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहते का, खोलीत टॉवेल किती जणांत वापरला जातो, हेही विचारा. दुसरी स्लाइड तुम्हीच करा. पहिलीचा निकाल मात्र खोडू नका, ट्यूबेच्या नावासह आणि तारखेसह तो केसपेपरवर राहू द्या.