पर्मनंटची ऑर्डर की बूटकॅम्प?

‘मॅडम, माझं वय २६. डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं सीएनसी मशीनवर आहे, तिन्ही शिफ्ट. हातात बावीस हजार येतात. एप्रिलमध्ये पर्मनंट करू असं साहेब म्हणालेत. मी २०१८ पासून मोबाइलवर पब्जी आणि नंतर त्याचीच भारतातली आवृत्ती बीजीएमआय खेळतोय, तीन सीझन कॉन्करर हा सगळ्यात वरचा रँक मारलाय. इंदूरच्या एका टीमने महिना पंधरा हजार आणि राहणं-खाणं देऊ, बूटकॅम्पला, म्हणजे टीमसोबत राहून सराव करायला, ये म्हणून सांगितलंय. टीममधली बाकीची पोरं सतरा ते एकोणीस वर्षांची आहेत. मित्र म्हणतात, तुझं वय गेलं. बाबा म्हणतात, जुगाराच्या नादी लागलायस. आईने स्थळं बघायला घेतलीत. मला एकदा करून बघायचंय. खूप उशीर झालाय का?’

तुझं पत्र वाचलं. शेवटचा प्रश्न वयाचा आहे, म्हणून तो आधी घेते. पण पत्रात त्याहून मोठी गोष्ट एप्रिल आणि इंदूर ही आहे, आणि ती तू दोन ओळींत उरकलीस.

वयाबद्दल मित्र म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या ३३०५ जणांच्या खेळाची नोंद तपासली होती. सोळा ते चव्वेचाळीस वयाचे खेळाडू. नवं काही दिसणं आणि त्यावर बोट चालणं यातला वेळ साधारण चोविसाव्या वर्षापासून वाढू लागतो, असं त्यांना आढळलं. एवढंच ऐकून लोक ‘चोविशीत संपलं’ म्हणतात. त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की मोठ्या वयाचे खेळाडू खेळ सोपा करून, कमी हालचालींत काम भागवून ही कसर भरून काढतात. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. टूल झिजलं की तू ते लगेच फेकून देत नाहीस, झीज भरून काढायला मशीनमध्ये ऑफसेट टाकतोस आणि जॉब मापात काढतोस. किती झिजेपर्यंत ऑफसेट टाकायचा आणि टूल कधी बदलायचं, हेही तुलाच ठाऊक असतं.

आता जी उदाहरणं तुला कुणीतरी पाठवली असतील, किंवा पाठवेल. डेन्मार्कचा फिन अँडरसन, खेळातलं नाव कॅरिगन, २०२२ मध्ये अँटवर्पला काउंटर-स्ट्राइक या गेमची मेजर, म्हणजे सगळ्यात मोठी स्पर्धा, पहिल्यांदा जिंकला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. कोरियाचा फेकर २०२५ मध्ये लीग ऑफ लेजंड्सचं सहावं जगज्जेतेपद घेऊन गेला, एकोणतिसाव्या वर्षी. बघ, वय काही नसतं! असं म्हणून हे फॉरवर्ड होतं. पण फेकरने पहिलं जगज्जेतेपद २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी घेतलं होतं आणि कॅरिगन तर काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या आवृत्तीपासून संघांमधून खेळत आलेला. ही माणसं उशिरापर्यंत टिकली. उशिरा सुरुवात केलेली नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत करून कुणी तुला चढवत असेल तर चहा पाज आणि विषय बदल.

मग तू यातला कोण? माझ्या मते अर्धा अर्धा. तुझा हात २०१८ पासून चालतोय, म्हणजे हाताची सुरुवात उशिराची नाही. पण पूर्ण पत्रात स्क्रिम, म्हणजे टीम-टीममधला सराव सामना, हा शब्द एकदाही आला नाही. ठरलेल्या टीमची कस्टम रूम नाही, तिथला स्लॉट नाही, हरलेल्या एकाही स्पर्धेचं नाव नाही. तीन सीझन कॉन्करर, म्हणजे वरच्या पाचशेत जागा, हे मोठंच आहे, पण ते रँक वाढवत नेण्याचं, म्हणजे रँक पुशचं यश आहे. टीमने खेळण्यात तू अजून नवखा आहेस, आणि खरा उशीर तिथे झालाय.

हा फरक मला स्वतःला कळायला एक संध्याकाळ लागली. आमच्या बी विंगमधला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा अशा स्क्रिम्स खेळतो. त्याच्या मागे मोडा टाकून बसले. अंगठ्यांना कापडी स्लीव्ह, फोनच्या पाठीला चिकटवलेला छोटा कूलर, आणि माइकमध्ये आवाज जातो म्हणून मे महिन्यात पंखा बंद. सोळा टीम, चौसष्ट जण, सगळे माणसं, एकही बॉट नाही. चौथ्या मॅचला एक खेळाडू अगदी त्याच्यासमोर पाठ करून बसला होता. मला, ज्या बाईला बंदूक कुठली आणि काठी कुठली कळत नाही, तिलाही तो दिसत होता. हा गोळी झाडेना. कानात त्यांच्या आयजीएलचा, म्हणजे खेळताना टीमला सूचना देणाऱ्या कॅप्टनचा, आवाज, ‘फाइट मत लो, पहले दो टीम गिरने दो.’ चाळीसेक सेकंद पोरगा श्वास रोखून बसला. नंतर विचारलं तर म्हणाला, ‘काकू, मारला असता तर एक पॉइंट मिळाला असता, पण आवाज ऐकून वरच्या घरातली टीम आमच्यावर उतरली असती.’ रँकमध्ये आपण सगळे तो एक पॉइंट घेतो, असंही म्हणाला.

हिशोब तुला पाठ असेलच: चिकन डिनरला, म्हणजे पहिल्या नंबरला, दहा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला पाच, चौथ्याला चार, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे मारलेल्या खेळाडूला, एक. म्हणजे आठ फिनिश करून चौथी आलेली टीम बारा गुण नेते आणि एका फिनिशवर चिकन डिनर खाणारी अकरा. झोन, म्हणजे खेळायची जागा, आवळत असताना हे गणित डोक्यात ठेवून तीन पोरांना आवरणं हे आयजीएलचं काम. अठरा वर्षांच्या बोटांशी तू समोरासमोर शर्यत लावलीस तर आज ना उद्या हरशील. पण आयजीएलच्या जागेवर, जिथे डोकं थंड ठेवावं लागतं आणि चिडलेल्या पोराला दोन शब्दांत शांत करावं लागतं, तिथे सव्विसावं वर्ष अडत नाही. तिन्ही शिफ्टमध्ये हेल्पर आणि सुपरवायझर दोघांना सांभाळलेला माणूस आहेस तू. इंदूरवाल्यांनी तुला कुठल्या रोलसाठी बोलावलंय? पत्रात नाही. असॉल्टर, म्हणजे पुढे घुसून मारणारा, म्हणून बोलावलं असेल तर मला शंका आहे, आयजीएल म्हणून असेल तर मी कान टवकारेन.

खेळ निवडण्यातही वयाचा भाग येतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत, ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते तेव्हा, भारताच्या तीर्थ मेहताने ‘हर्थस्टोन’मध्ये कांस्य मिळवलं. तो पत्त्यांचा, पाळीपाळीने खेळायचा खेळ. तिथे बोटांचा वेग कुणी विचारत नाही. पण हे तुला आठ वर्षं खेळलेला गेम सोडायला सांगण्यासाठी लिहीत नाहीये, फक्त ‘गेमिंगमध्ये वय जातं’ हे वाक्य सगळ्या गेम्सना सारखं लागू नाही एवढंच.

वयापेक्षा मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. जुलै २०२२ च्या शेवटी तोही ॲप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तू हे सगळं खेळाडू म्हणून पाहिलंस, आता पोट त्यावर असलेल्या माणसाच्या नजरेने पाहा. सरकार क्रिकेट बंद करत नाही, कबड्डीची मालकी एका कंपनीकडे नाही. इथे मैदानच एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि ते एका संध्याकाळी नाहीसं होऊ शकतं. सतरा वर्षांच्या पोराचे असे दहा महिने बुडाले तर तो बारावीची पुरवणी देतो, डिप्लोमाला जातो. तुझे बुडाले तर तू सत्ताविशीत, सीव्हीवर एक वर्षाचं भोक घेऊन, चाकणच्या गेटवर कॉन्ट्रॅक्टरकडे उभा असशील. उशिरा येण्याची किंमत बोटांपेक्षा इथे जास्त पडते, कारण चुकायला वेळ कमी उरलेला असतो.

बाबांशी भांडू नकोस. टीव्हीवर वर्षानुवर्षं रमीच्या आणि पैसे लावायच्या गेम्सच्या जाहिराती पाहिलेल्या माणसाला तुझा फोन तसाच दिसणार. त्यांना एवढं सांग की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे दिले होते. ते पटून त्यांचा विरोध मावळेल असं नाही. पण मग तो निदान तुझ्या पगाराबद्दलचा विरोध राहील, आणि त्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे.

तर इंदूर. पंधरा हजार आणि राहणं-खाणं हे ऐकायला बरं आहे. पण करार पाहिल्याशिवाय डबा भरू नकोस. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं सगळं ‘ॲग्रीमेंट’ व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यात होतं. पहिल्या महिन्याचे पैसे आले, पुढचे तीन महिने ‘स्पॉन्सर अडकलाय भाई’ हेच उत्तर, आणि शेवटी घरी परत यायचं तिकीट आईने काढलं. त्याच्या वयाला ते झेपलं. म्हणून विचार: बक्षिसाच्या रकमेतला किती हिस्सा टीमची कंपनी ठेवणार? मुदत किती? मधेच सोडलं किंवा दुसऱ्या टीमने घेतलं तर बायआउट, म्हणजे करार तोडण्याची रक्कम, किती, आणि तो कोण भरणार? तुझ्या चॅनलवर कुणाचा हक्क? महिन्याला किती तास लाइव्ह बसायचं बंधन आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या स्पर्धेत टीम बाहेर पडली तर तुला लगेच काढता येतं का? बक्षिसांचे आकडे ऐकून हुरळू नकोस. बीजीएमआयच्या मुख्य मालिकेला २०२१ मध्ये एक कोटी आणि २०२३, २०२४ मध्ये दोन कोटींची एकूण रक्कम होती हे खरं. ती अंतिम फेरी गाठणाऱ्या मोजक्या टीममध्ये वाटली जाते, त्यातही मोठा वाटा वरच्या दोन-तीन टीमचा. खालच्या फेऱ्यांत नोंदणी करणाऱ्या टीमची तर मोजदादच नको.

मी तुझ्या जागी असते तर इंदूरला आजच कळवलं असतं: एप्रिलपर्यंत मी भोसरीतूनच खेळेन, स्क्रिम्सना हजर राहीन, पैसे नकोत, ट्रायल घ्या. स्क्रिम खेळायला एका छपराखाली राहावं लागत नाही. त्यांना खरोखर तू हवा असशील तर थांबतील. ‘सोमवारपर्यंत ये नाहीतर जागा गेली’ म्हणाले तर जागा गेली असं समज, आणि रात्री नीट झोप.

शिफ्टचं जमवावं लागेल. स्क्रिम्स दुपारी आणि रात्री लागतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तू साडेतीनला मोकळा, तो आठवडा तुझा. सेकंडच्या आठवड्यात रात्री बाराला घरी येऊन खेळत बसशील तर दुसऱ्या दिवशी मशीनवर बोट जाईल, तेव्हा त्या आठवड्यात फक्त रेकॉर्डिंग बघायचं. नाइट कुणाशी बदलून मिळते का ते विचार. लग्न ठरलेली, बाळ झालेली माणसं शिफ्ट बदलायला तयारच असतात.

आणि एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक स्क्रिम मॅचला एक ओळ: कितवे आलो, फिनिश किती, मी आधी मेलो की नंतर, आणि माझा कॉल चुकला की माझं बोट चुकलं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भर. साठ मॅच झाल्या की पहिल्या तीस आणि नंतरच्या तीस शेजारी ठेव. बोटाच्या चुका तेवढ्याच राहून कॉलच्या चुका कमी होत असतील तर तुझं जमतंय. मधे एखादी खुली पात्रता फेरी येईल, ती या टीमसोबत खेळ. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच गारद झालात तर एप्रिलमध्ये ऑर्डर हातात घे आणि खेळ शनिवार-रविवारवर आण. पुढे सरकलात, तरी ऑर्डर घेच. पर्मनंट झाल्यावर पीएल, म्हणजे पगारी रजा, साठते आणि लॅन फायनलला, म्हणजे एका जागी जमून होणाऱ्या अंतिम फेरीला, आठवडाभराची सुट्टी मागता येते. नोकरी सोडायची वेळ लेखी करार आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असताना, त्याआधी नाही.

वही भरताना तुला खेळण्यापेक्षा ती वहीच आवडू लागली, असंही होऊ शकतं. टीमना ॲनालिस्ट आणि कोच लागतात, आणि तिथे कुणी जन्मतारीख विचारत नाही. पण ते आता डोक्यात घेऊ नकोस, नाहीतर खेळण्याआधीच पळवाट शोधल्यासारखं होईल.

आईला स्थळं बघू दे, मात्र पहिल्या भेटीत मुलीला हे सगळं सांग. रात्री नऊला कानात हेडफोन घालून ‘नॉक है, नॉक है’ ओरडणारा नवरा तिला लग्नानंतर कळू नये.

करार आला असेल तर फोटो काढून पाठव. पैशाचं पान मला नको, ते तू वाचशीलच. बायआउट आणि टीममधून काढण्याच्या अटी असलेलं पान नीट प्रकाशात काढ, बारीक अक्षर वाचता येईल असं.