‘एकमेकांवर प्रीती करा’ ही आज्ञा येशूने ‘नवी’ का म्हटली? ती तर जुन्या करारातही आहे ना?

हो, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे लेवीय 19:18 मध्ये आहेच. नवं आहे ते माप. नव्या करारातल्या योहान 13:34 मध्ये ‘स्वतःसारखी’ जाऊन ‘जशी मी तुमच्यावर केली तशी’ असं येतं. आणि ‘मी केली तशी’ म्हणजे कशी, ते त्याच अध्यायात थोडं आधी दिसतं: येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुतो. हे नोकराचं काम. पेत्र तर आधी पाय पुढे करायलाच तयार नव्हता. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा तेव्हा तिथेच होता, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. तो बाहेर अंधारात निघून गेल्यावर मग ही आज्ञा येते. मला हा क्रम फार बोलका वाटतो.

पुढच्याच वचनात शिष्याची खूण सांगितली आहे. उपास नाही, पाठांतर नाही, चमत्कार तर नाहीच. एकमेकांवरची प्रीती पाहून लोक ओळखतील, एवढंच.

वसईत पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, फादर बारा जणांचे पाय धुतात. (2016 पासून पोपच्या परवानगीने त्यात स्त्रियाही असू शकतात.) ते दृश्य सुंदरच असतं. पण खरी अडचण शेजारच्या बाकावर बसलेली असते: बांधावरून भांडण होऊन वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ. ‘एकमेकां’त तोही येतो.