उरलेले २३ तास

अगं, तुझा मेसेज नीट वाचला. फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपली, आता पुण्यात बाणेरच्या क्लिनिकची ऑफर घेऊ की वर्षभर होम व्हिजिट करू, आणि मधल्या वेळात ड्राय नीडलिंगचा, म्हणजे स्नायूत बारीक सुया टोचायचा, कोर्स करू की टेपिंगचा, म्हणजे स्नायूंवर पट्ट्या चिकटवायचा, असं विचारलंयस. माझं मत सरळ आहे, पहिलं वर्ष होम व्हिजिट कर. कोर्स कधीही होतील. पण लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या दिवाणवर, त्यांच्या जिन्यात, त्यांच्या बाथरूमच्या उंबऱ्याशी काम करायची सवय सुरुवातीला लागली नाही तर पुढे लागत नाही, चांगल्या हुशार मुलांच्या बाबतीतसुद्धा मी हे बघत आलेय.

का ते सांगते. तू पेशंटला देणार पाऊण तास, फार तर तास. उरलेले २३ तास तो काय करतो, कसा झोपतो, कोण त्याला उठवतं, कुठे हात धरून उठवतं, यावर तुझ्या त्या एका तासाचं काय होणार ते ठरतं. २००९ साली एक अभ्यास आला होता, अमेरिका आणि कॅनडातल्या सेंटरमध्ये बसून स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या, पेशंटची सेशन्स प्रत्यक्ष मोजली, तर हाताच्या कामाच्या हालचाली एका सेशनमध्ये सरासरी फक्त ३२ वेळा होत होत्या. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगात मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्यांनी हालचाली लागल्या होत्या. ही तफावत तू एकटी भरून काढू शकत नाहीस, ती घरच्यांनीच भरायची असते, आणि त्यांना ते शिकवणं हेच तुझं खरं काम आहे.

म्हणून स्ट्रोकच्या घरी गेलीस की आधी पेशंटकडे नाही, त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे बघ. बायको, सून, मामा, मावशी, जे कोणी असेल ते. बहुतेक घरांत पेशंटला काखेत हात घालून नाहीतर लुळा हात ओढून उठवतात, आणि तो खांदा आधीच स्नायूंचा आधार सुटून खाली सरकलेला असतो. महिनाभर असं ओढलं की खांदा इतका दुखायला लागतो की पेशंट हाताला हातच लावू देत नाही, मग तुझा व्यायाम बसला बाजूला. त्यांना कमरेला धरून उठवायला शिकव, मऊ पट्टा बांधायला सांग, झोपताना आणि बसताना हाताखाली उशी. छताला दोरी आणि पुली बांधून देणारे लोक अजून आहेत, ती आधी सोडायला लाव, स्ट्रोकच्या खांद्याला डोक्यावरची पुली त्रासच देते. आणि तो पिवळा स्माइली बॉल! प्रत्येक घरात असतो. बोटं आधीच आवळलेली असताना बॉल दाबायला देणं म्हणजे आवळायचाच सराव आहे, हे प्रेमाने पण स्पष्ट सांग. त्याऐवजी डबा उघडणं, वाटी सरकवणं, शर्टाचं बटण, नळ फिरवणं, जे त्याला रोज लागतं ते दे. तेल मालिश करतात ते करू दे, बरं वाटतं, जवळ कोणीतरी बसतं, पण त्याने ताकद येत नाही एवढं सांगायला लाजू नकोस.

घरचे विचारतीलच, किती दिवसांत चालतील? पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात झपाट्याने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं असं कधीही म्हणू नकोस, वर्षाने सुरू केलेले पेशंटही पुढे जातात, फक्त हळू. आणि घाईसुद्धा नको, २०१५ मध्ये एव्हर्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये पहिल्या २४ तासांतच खूप जास्त उठवबसव केलेल्या पेशंटचा निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा कमी चांगला आला होता. सुरुवातीला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

स्ट्रोकच्या घरी सराव वाढवायला सांगायचं, पण जीबीएसच्या, म्हणजे गिलेन-बारेच्या, पेशंटला तुला ब्रेक लावावा लागेल, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जे झालं ते तुला आठवत असेलच, दूषित पाणी, त्यातले कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जिवाणू, आणि चांगली चालतीबोलती माणसं पायापासून वर वर गळत गेली, काही व्हेंटिलेटरवर. असे पेशंट घरी आले की त्यांना वाटतं जोर लावला की लवकर बरं होईल, आणि घरचेही पोहे खाल्ले का, व्यायाम झाला का, अजून दहा मार, असं करत राहतात. पण नस अजून भरतीये, स्नायू दमेपर्यंत राबवला की दुसऱ्या दिवशी ताकद कमीच दिसते. थकवा यायच्या आधी थांबायचं, विश्रांती घ्यायची, परत करायचं. रोज एका वहीत लिहायला लाव, आज किती पावलं, संध्याकाळी कसं वाटलं, सकाळी कसं वाटलं. आणि पाऊल लटकत असेल तर स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार, लवकर दे, टाच आखडल्यावर नाही.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले कंबरदुखीचे पेशंट भरपूर मिळतील, त्यांच्यावर मी फार लिहीत नाही, एकच. ते एमआरआय हातात घेऊन येतात आणि डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलीये, हा शब्द वाचून घाबरलेले असतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्यांमध्येसुद्धा साधारण ३० टक्के लोकांना बल्ज होता आणि ऐंशीच्या आसपास ८४ टक्के. हे त्यांना शांतपणे सांग आणि झोपून राहू नका, चाला म्हणून सांग, निम्मी भीती तिथेच जाते. मात्र लघवी तुंबतीये किंवा कळत नाहीये, बसायच्या जागेला बधिरपणा आहे असं म्हणाले तर हात न लावता त्याच क्षणी हॉस्पिटलला पाठव, तासांचा प्रश्न असतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे, हे डोक्यात ठेव आणि शेक देत बसू नकोस.

गुडघा बदललेल्या आज्यांकडे गेलीस की पांघरूण वर करून बघ, गुडघ्याखाली उशी असणारच, लेकीने मायेने ठेवलेली. ती काढ. गुडघा सरळ झाला नाही तर चाल कायमची बिघडते, म्हणून उशी नाही, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. सगळ्यांचं लक्ष किती वाकतो याकडे असतं, तू आधी किती सरळ होतो ते गोनियोमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने, मोज. आणि त्यांना विचार, तुम्हाला बरं होऊन करायचंय काय? कोणी म्हणेल देवापुढे बसायचंय, कोणी म्हणेल पेठेतल्या जुन्या घराचा लाकडी जिना उतरून भाजी आणायचीये. मग तोच जिना घे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघून. या प्रश्नाशिवाय प्रोग्रॅम लिहूच नकोस.

हाच प्रश्न मणक्याला मार लागलेल्या पेशंटला विचारणं जड जातं, कारण तो म्हणणार चालायचंय. खोटी आशा देऊ नकोस, पण चालणं गेलं म्हणजे सगळं गेलं असं तुझ्या चेहऱ्यावरही दिसू देऊ नकोस. आपल्या खडकीला १९७४ पासून जखमी होऊन कमरेखाली अधू झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर आहे, व्हीलचेअरवरची माणसं तिथे राहतात, काम करतात, खेळतात. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात गोल्ड घेऊन आले, भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक गोल्ड. पेशंटला ही गोष्ट सांगायची घाई करू नकोस, त्याला राग येऊ शकतो आणि तो बरोबर असतो. ती तुझ्यासाठी आहे, तुझी अपेक्षा छोटी होऊ नये म्हणून. पेशंटला पहिल्या आठवड्यात दे ती रोजची शिस्त, पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलणं, व्हीलचेअरवर दर पंधरावीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन स्वतःला सीटवरून उचलणं, रोज आरशात कातडी तपासणं. एक बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून झालेली जखम, सहा महिन्यांची मेहनत घालवतो.

पैशांचं म्हणशील तर सुरुवातीला कमी वाटतील. एकाच भागातले पेशंट घे, कोथरूडहून हडपसर आणि परत असं केलंस तर अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जाईल. फी पहिल्या दिवशीच स्पष्ट बोल, महिन्याची ॲडव्हान्स, रद्द केलं तर काय तेही. ज्या घरात माणूस व्यायाम शिकून घ्यायला तयार नाही आणि तुम्हीच रोज येऊन करून जा म्हणतात, तिथे दोन आठवडे प्रयत्न कर आणि मग सोड, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि पहिल्या व्हिजिटला घरातलं दुसरं माणूस हजर पाहिजे हे फोनवरच सांग, लोकेशन आईला पाठवून मगच आत जा. क्लिनिकला वर्षभराने कळवते असं लिहून टाक, चांगलं क्लिनिक असेल तर थांबतील.

तुझी मॅडम