"अजून वेळ आहे, घरी जा" असे सांगितले जाते तेव्हा

पहिलटकरणीच्या घरून येणारा सर्वांत नेहमीचा प्रश्न असा असतो: कळा तर सुरू झाल्या आहेत, मग दवाखान्यातून परत का पाठवले? काही बिघडले तर नाही ना? गुहागर-चिपळूण पट्ट्यात गरोदर स्त्रियांच्या समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला पावसाळ्यात जास्त ऐकू येतो, कारण रस्ते खराब असतात, वीज जाते, आणि वेळेवर पोहोचू की नाही ही धास्ती घरच्यांना प्रत्यक्ष कळांपेक्षा अधिक छळते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सायली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर वासिष्ठी खाडीच्या काठी, नवरा मुंबईत नोकरीला. एकोणचाळिसावा आठवडा चालू असताना एका संध्याकाळी तिच्या ओटीपोटात पाळीच्या वेळी दुखते तसे दुखू लागले, कंबर भरून आली आणि रक्ताची छटा असलेला चिकट स्राव अंगावरून गेला. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. पहाटे आशाताईंना सोबत घेऊन मंडळी तालुक्याच्या रुग्णालयात गेली. तपासून झाल्यावर परिचारिकेने सांगितले की गर्भाशयाचे तोंड एक बोट उघडले आहे, बाळाचे ठोके उत्तम आहेत, अजून बराच वेळ आहे. दुपारी मायलेकी माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा सायलीने विचारले, "मॅडम, रात्रभर कळा सोसून फक्त एक बोट? माझंच काही चुकतंय का?"

तिचे काहीही चुकत नव्हते. पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड आधी मऊ होते, मग आखूड आणि पातळ होत जाते, आणि बहुधा त्यानंतरच ते भराभर उघडू लागते. सुरुवातीच्या कळा या पातळ होण्याच्या कामी येतात, आणि ते काम बोटांच्या मापात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचा टप्पा मानला आहे आणि तो किती तासांत संपावा याचे कोणतेही प्रमाण घातलेले नाही, कारण तो प्रत्येकीचा वेगळा असतो. त्यापुढचा जोराचा टप्पा पहिलटकरणीत सहसा १२ तासांच्या पलीकडे जात नाही. आई आणि बाळ दोघे ठीक असतील तर ५ सेंटीमीटरच्या आत कळा वाढवण्याचे औषध देऊ नये, असेही त्याच सूचना सांगतात. त्यामुळे "अजून वेळ आहे" हे वाक्य ऐकायला कितीही कोरडे वाटले, तरी बाळाचे ठोके आणि आईचा रक्तदाब पाहून ते सांगितले असेल, तर ती टाळाटाळ नसते.

सायलीच्या आईने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक कळेची वेळ लिहून ठेवली होती. मधले अंतर २२ मिनिटे, मग १२, मग १७, मग ९, आणि पुन्हा २०. प्रत्येक कळ जेमतेम अर्धा मिनिट टिकत होती, आणि माझ्यासमोर कळ आली तेव्हाही सायली बोलायची थांबली नाही. हे सुरुवातीच्या टप्प्याचे अगदी ठळक चित्र होते. मी आईंना सांगितले की घड्याळ बाजूला ठेवा. कळांची जात बदलली असे वाटेल तेव्हा फक्त एक तास मोजा. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायचा असताना कोणी सपाटीवरच धावून दम घालवत नाही, आणि रात्रभर घड्याळाकडे पाहत जागण्यात सायलीने नेमके तेच केले होते.

तिला सर्वांत जास्त गरज झोपेची होती. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन पडून राहायचे, कळ आली तर तोंडाने सावकाश श्वास सोडायचा, आणि सोडताना जबडा व खांदे सैल ठेवायचे. झोप येतच नसेल तर पडवीत हळूहळू फिरायचे आणि कळेच्या वेळी ओटीवरच्या बाकावर हात टेकून पुढे झुकायचे. आईने तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर दाबून धरले की कंबरेतली कळ पुष्कळ सुसह्य होते; कोमट पाण्याच्या अंघोळीनेही होते. दर दोन तासांनी लघवीला जायचे, कारण भरलेले मूत्राशय बाळाचे डोके खाली सरकायला अडथळा करते. पोटात काही ना काही असायला हवे, पण थोडे थोडे: उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, लिंबाचे सरबत. आणि या टप्प्यात जोर मुळीच करायचा नाही.

शेजारच्या काकींनी एरंडेल घेण्याचा सल्ला दिला होता. एरंडेलाने जुलाब होतात, अंगातले पाणी जाते, आणि बाई खऱ्या कळांच्या आधीच गळून जाते. त्याहून कितीतरी धोक्याचे आहे ते घरी कोणाकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन टोचून घेणे. त्यात गर्भाशय फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ही गोष्ट मी प्रत्येक घरात स्पष्ट शब्दांत सांगते, कोणाला राग आला तरी.

दुसरा ताण फोनचा होता. नवरा मुंबईहून दर अर्ध्या तासाने "झालं का?" विचारत होता. त्याची तगमग खरी होती, पण प्रत्येक फोननंतर सायलीला आपण उशीर करत आहोत असे वाटे. मी फोन भावाकडे द्यायला सांगितला आणि नवऱ्याने सरळ रात्रीची गाडी पकडावी असे सुचवले. (चाकरमान्यांनी अशा वेळी रजा काढायला संकोचू नये, हे माझे जुने मत आहे.)

निघायचे कधी, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. दर पाच मिनिटांनी एक मिनिटाची कळ तासभर येत राहिली की निघा, हा नियम शहरात चालतो. येथे शस्त्रक्रियेची गरज पडली तर गुहागरहून चिपळूणच सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोट मध्यरात्री मिळत नाही. म्हणून आम्ही ठरवले की कळा सात-आठ मिनिटांवर नियमित झाल्या आणि कळेच्या वेळी सायलीला बोलवेनासे झाले की १०८ किंवा १०२ ला फोन करायचा. सरकारी रुग्णालयातील प्रसूतीसाठी ही ने-आण विनामूल्य आहे. ज्यांचे घर आणखी आडबाजूला आहे त्यांनी रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे आधीच जाऊन राहावे, हे उत्तम.

काही लक्षणांत मात्र कळांची वाटच पाहायची नाही. पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असेल. पाळीसारखे रक्त जाऊ लागले. बाळाची हालचाल कमी वाटली. डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. ताप आला, किंवा पोट मध्ये सैल न पडता सतत कडक राहिले, तर त्याच क्षणी निघावे. सदतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या असतील, आधी सिझेरियन झालेले असेल, जुळी असतील, बाळ पायाळू असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर घरी थांबण्याचा हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. सगळे ठीक असूनही बाई झोपेविना थकून गेली असेल, तर तेही परत जाण्याचे पुरेसे कारण आहे. विश्रांतीसाठी औषध द्यायचे का, हे डॉक्टर ठरवू शकतात.

सायली त्या रात्री तुकड्यातुकड्यांत झोपली. पहाटे कळा नियमित झाल्या, रुग्णालयात पोहोचली तेव्हा तोंड ६ सेंटीमीटर उघडले होते, आणि दुपारनंतर मुलगी झाली. लसीकरणाच्या वेळी भेटल्या तेव्हा आईंनी विचारले की पुढच्या खेपेलाही असाच वेळ लागेल का. बहुतेकींना लागत नाही. दुसऱ्या वेळी पातळ होणे आणि उघडणे बरोबरीनेच चालते आणि सगळे लवकर उरकते, म्हणून त्या वेळी सात-आठ मिनिटांची वाट न पाहता कळा नियमित होताच गाडी बोलवा, असे मी त्यांना सांगितले.