स्टॉलमनसारखं जगता येतं का? पोट भरतं का?

ताई, प्रश्न दोनदा वाचला. मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, खोलीत दाढीवाल्या रिचर्ड स्टॉलमनचा फोटो, आणि म्हणतो की कंपनीत जाणार नाही, मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणार. हा माणूस कोण आणि असल्या कामावर घर चालतं का, हे तुम्हाला हवंय. वेंगुर्ल्यात वीसेक वर्षं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून द्यायला लागलो तेव्हा आमच्या आईनेही हेच विचारलं होतं, "फुकट वाटतंस तर खातलंस काय?"

आधी ते 'फुकट' बाजूला काढू. इंग्रजीत मुक्त आणि फुकट दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द आहे, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या या स्टॉलमनबाबाचं अर्धं आयुष्य फरक समजावण्यात गेलं. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तरी आपण घोळ घालतोच. मुक्त म्हणजे वापरायची, आतलं बघून बदलायची, दुसऱ्याला द्यायची आणि बदललेलंही वाटायची मोकळीक. पैसे घ्यायला बंदी नाही. स्टॉलमनने स्वतः घेतले, ते पुढे सांगतो.

जन्म १९५३चा, न्यूयॉर्कचा. हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी १९७४ साली, पण जीव रमला तो एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत. १९७१पासून तो तिथे प्रोग्रॅमर होता. तिथे सगळे एकमेकांचे प्रोग्रॅम उघडून सुधारत. मग झेरॉक्सने लॅबला नवा लेझर प्रिंटर दिला. (झेरॉक्स म्हणजे नाक्यावरचं दुकान नव्हे, ती कंपनी.) जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय यानेच केली होती. नव्यात तेच करायचं, तर मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं माणसाला वाचता-बदलता येणारं रूप, हातात नाही. तो कोड दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे होता, पण कुणाला देणार नाही अशा करारावर त्याने सही करून ठेवलेली, म्हणून त्याने हात वर केले.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या मामांचा आंब्याचा हिशेब एका छोट्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये होता, कॉम्प्युटरच्या मागे खोचायच्या इलेक्ट्रॉनिक चावीवर चालणारा. एका पावसाळ्यात चावी जळली. तोवर कंपनी बंद पडलेली. आठ वर्षांच्या पेट्या, आगाऊ रकमा, दलालांची येणी, सगळं डिस्कवर होतं आणि उघडत नव्हतं. अर्धं वह्यांवरून परत चढवलं, अर्धं सोडून दिलं. त्या दिवशी मला तो प्रिंटर कळला.

२७ सप्टेंबर १९८३ला त्याने जाहीर केलं की युनिक्स या तेव्हाच्या प्रणालीसारखी अख्खी कार्यप्रणाली (कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नव्याने लिहून सगळ्यांना मोकळी देणार. नाव ठेवलं ग्नू. जानेवारी १९८४मध्ये नोकरी सोडली, कारण नोकरीत राहून लिहिलेल्या कोडवर संस्थेने हक्क सांगितला असता तर सगळंच मुसळ केरात. लॅबची जागा आणि मशिनं मात्र त्याला वापरू दिली. पुढे कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम), मजकूर लिहायचा संपादक आणि बरीच अवजारं तयार झाली, पण मधला कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा, रखडला. तो भाग १९९१मध्ये लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या पोराने केला. म्हणून स्टॉलमन आजही 'लिनक्स' म्हटलं की 'ग्नू-लिनक्स म्हणा' म्हणून टोकतो. बरोबर आहे, पण दुकानात तेवढा वेळ कुणाला असतो?

माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम प्रोग्रॅम नाही, लायसन्स आहे. १९८९ सालचं जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स. त्यातलं कलम समजायला आंब्याचं कलम बघा. मी माझ्या हापूसची डोळकाडी तुम्हाला देतो. तुम्ही कलमं बांधा, वाढवा, हव्या त्या भावाने विका. अट एकच: ज्याला विकाल त्याला त्या झाडाची काडी काढायला मनाई करायची नाही, आणि पुढे त्यानेही करायची नाही. म्हणजे कुणी मधल्यामध्ये कुंपण घालून झाड आपल्या एकट्याचं करू शकत नाही. कॉपीराइटचाच कायदा वापरून त्याने हे बांधून घेतलं, ही खरी अक्कल.

आता पोटाचं. १९८५मध्ये तो ईमॅक्स हा संपादक टेपवर भरून १५० डॉलरला पोस्टाने पाठवायचा. नेटवरून कुणी उतरवून घेतला तर त्याचे पैसे नाहीत. त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, तिथे अध्यक्ष असून पगार घेतला नाही. लोकांना हवे ते बदल करून द्यायची कामं केली, नंतर भाषणांचं मानधन. १९९०मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही मोठ्या रकमेची अमेरिकी शिष्यवृत्ती मिळाली. आणि खर्च कमी: लग्न नाही, गाडी नाही, कितीतरी दिवस ऑफिसातच झोपायचा. हे शेवटचं मुलाला नीट ऐकवा.

कौतुकाबरोबर हेही सांगा की माणूस हेकट आहे. २०१९मध्ये जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्ह्यांत अडकलेल्या अमेरिकी धनाढ्याच्या प्रकरणाशी जोडलेल्या त्याच्या ईमेलवरून गदारोळ झाला, एमआयटीतली जागा आणि फाउंडेशन दोन्ही सोडावं लागलं. २०२१मध्ये तो फाउंडेशनच्या मंडळावर परतला, तेव्हा चळवळीतल्याच अनेकांनी उघड विरोध केला. फोटो लावताना एवढं माहीत असावं.

पण हे काम करणारे सगळे संन्यासी नसतात. सिग्नस नावाची कंपनी १९८९मध्ये ग्नूची अवजारं वापरणाऱ्यांना पैसे घेऊन मदत-दुरुस्ती पुरवण्यासाठीच निघाली, पुढे ती रेड हॅट या लिनक्सच्या मोठ्या कंपनीने घेतली. रेड हॅटला २०१९मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरना घेतलं. म्हणजे 'कंपनीत जाणार नाही' आणि 'मुक्त सॉफ्टवेअर करणार' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, मुलगा ती एका दमात म्हणतोय. माझ्या बिलातही सॉफ्टवेअरची रक्कम शून्य असते, घालून देण्याची आणि शिकवण्याची मजुरी असते. बंगला झाला नाही, पण दुकानाचं भाडं कधी थकलं नाही.

त्याला एवढंच विचारा: आजवर कुठल्या प्रकल्पाला एखादी दुरुस्ती पाठवलीस? कुणी परत पाठवली का, मग काय केलंस? दाखवण्यासारखं असेल तर काळजी कमी करा. नसेल तर चतुर्थीला घरी येईल तेव्हा माझ्याकडे पाठवा. मराठी भाषांतराच्या रखडलेल्या दोन-तीन फायली आहेत, बसवतो त्याला. लाइट असली तर.