हत्यारांची स्वस्त पेटी घ्यावी का?

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचे घर व थोडी शेती आहे. मोटारसायकल आणि पंपाची किरकोळ दुरुस्ती घरीच करण्यासाठी बेळगावच्या बाजारात मिळणारी, बरीच हत्यारे एकत्र असलेली स्वस्त पेटी घ्यावी का?
– एक वाचक

उत्तर : घेऊ नये. अशा पेटीतल्या बऱ्याच वस्तू आपल्या हाती कधी येणारच नाहीत, आणि ज्या रोज लागतील त्या पान्यांचे पोलाद मऊ असल्यास जोर लावताच पान्याचे तोंड फाकते, नटाचे कोपरे झिजतात आणि वाचवलेले पैसे शेवटी गॅरेजवाल्याकडे जातात. त्याऐवजी १०, १२, १४ व १७ मिमीचे, क्रोम व्हॅनेडियम या कठीण, चिवट पोलादाचे चांगले रिंग पाने सुटे घ्यावेत. रिंग पाना नटाला सर्व बाजूंनी धरत असल्याने तो सहसा घसरत नाही. हातोडा मात्र स्वस्तातला चालेल, फक्त दांड्यात डोके हलत नाही ना, हे दुकानातच पाहावे.

धातू कापण्या-घासण्याचा, फिरत्या चकतीचा ग्राइंडर घेतल्यास चकतीत काटकसर नको. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा, आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत उलटलेली नसावी. फुटलेली चकती जीवावर बेतू शकते.

आपल्याकडच्या पावसात साधे बिजागरे व स्क्रू लवकर गंजतात, म्हणून बाहेरच्या दारांना ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. दुकानदार लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवून खात्री पटवतात, पण हलक्या २०२ प्रतीलाही चुंबक फारसे चिकटत नाही, तेव्हा बिलावर प्रत लिहून घ्यावी.